दूरचे दुःख आणि आपला संघ

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्याच्या प्रसंगी, नवी पेठ, सोलापूर येथे केलेले भाषण)



आपल्या संघाच्या कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. या व्यासपीठावरून आजवर मुलांचे शिक्षण, विवाहातील अवास्तव खर्च, वसतिगृहाची गरज अशा घरच्या विषयांवर व्याख्याने झाली. आम्ही आज निवडलेला विषय थोडा दूरचा वाटेल. परदेशांत कोठे कोठे सामान्य माणसे अन्यायाविरुद्ध उभी राहतात, लहानलहान मंडळे स्थापून एकमेकांस आधार देतात. अशा मंडळांस आपण हात द्यावा की नाही, आणि द्यावयाचा तर कोणत्या रीतीने, असा हा विषय आहे.

हा विषय आम्ही मंडळास कळविला तेव्हा एका वयोवृद्ध सभासदांनी आम्हांस घरी बोलावून घेतले. चहा झाल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, आपल्या समाजातील अजून किती मुले फीसाठी अडतात हे आपणांस ठाऊक आहे. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी गत कशाला करता?" त्यांचा प्रश्न खरा आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आजचे आमचे सारे बोलणे हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आपण समजावे.

उत्तर शोधण्यासाठी आपणांस फार लांब जावयाचे नाही. या नवी पेठेतून भैय्या चौक म्हणजे काही परमुलूख नव्हे. तेथे डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे स्मारक आहे. आपल्यापैकी बहुतेक जण त्यावरून रोज जातात. किती जण आत गेले आहेत, हे आम्ही विचारीत नाही. विचारले तर आम्हांसही थोडे खाली पाहावे लागेल, कारण आम्हीही पुष्कळ वर्षे बाहेरूनच नमस्कार करून पुढे जात होतो.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील गिरणीत कारकून. घर मध्यम स्थितीचे आणि माणसे पुष्कळ. मुलगा हुशार म्हणून त्यास मुंबईस शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घातले. तो डॉक्टर झाला. अशा घरात मुलगा डॉक्टर झाला म्हणजे काय होते, हे आपणांस सांगावयास नको. आता दवाखाना निघेल, कर्ज फिटेल, बहिणींची लग्ने होतील, अशा आशेने सारे घर त्याच्याकडे पाहू लागते. अशा वेळी, १९३८ साली, वयाच्या २७ व्या वर्षी हा तरुण चीन देशास निघाला.

कशासाठी? १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. त्याच वर्षी डिसेंबरात नानकिंग शहर पडले आणि तेथे निःशस्त्र नागरिकांची जी कत्तल झाली ती जगाच्या इतिहासातील एक काळे पान आहे. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशास आवाहन केले. गावोगाव चीनसाठी निधी जमविण्यात आला. सुमारे २२,००० रुपये जमले. त्यातून पाच डॉक्टरांचे पथक, एक रुग्णवाहिका आणि औषधे अशी सिद्धता झाली. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने ज्येष्ठ, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवे आपले डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून ते जहाजाने निघाले.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हे २२,००० रुपये कोणी दिले? हिंदुस्थानचे सरकार तेव्हा इंग्रजांचे होते. आपला देश स्वतःच पारतंत्र्यात होता. स्वतःच्या हातात बेडी असलेल्या लोकांनी दुसऱ्याच्या जखमेस बांधावयास पट्टी पाठविली! घरचे पुरे झाल्यावर मग बाहेरचे पाहू, असे त्या पिढीने म्हटले असते तर ते कोणीही गैर मानले नसते. परंतु तिने तसे म्हटले नाही. आपल्या स्वातंत्र्याची मागणी आणि चिनी शेतकऱ्याच्या जगण्याची मागणी या दोन निराळ्या मागण्या नव्हेत, हे त्या पिढीस उमगले होते.

दुसरीही एक गोष्ट आहे. १९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला तेव्हापासून आपल्याकडील अनेक सुशिक्षितांस जपानविषयी अभिमान वाटत असे. आशियातील एक राष्ट्र युरोपीय सत्तेस नमविते, याचा तो आनंद होता. असे असूनही, जपानने जेव्हा दुबळ्या शेजाऱ्यावर हात उगारला, तेव्हा आपल्या नेत्यांनी जपानचा पक्ष घेतला नाही. जपानी मालावर बहिष्कार घालण्याचे आवाहन काँग्रेसने केले. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९३८ साली योने नोगुची या आपल्या जपानी कविमित्रास पत्रे लिहून या आक्रमणाचा स्पष्ट निषेध केला. जो आपला, तो अन्यायी असला तरी आपला, हा न्याय त्यांनी मानला नाही. ज्ञातिसंघात बसून हे वाक्य उच्चारताना आमचा आवाज थोडा जड होतो, याचे कारण पुढे सांगू.

आता डॉ. कोटणीसांनी तेथे काय केले ते थोडक्यात पाहू. कँटन, हँकौ, चुंगकिंग अशी मजल दरमजल करीत पथक १९३९ च्या आरंभी येनान येथे पोहोचले. येनानकडे निघण्याच्या सुमारासच सोलापुराहून वडील निवर्तल्याची वार्ता आली. परत फिरण्याची मोकळीक होती. द्वारकानाथ परतले नाहीत. त्या निर्णयाची किंमत त्यांच्या आईने आणि भावंडांनी येथे सोलापुरात मोजली आहे, हे आपण विसरू नये. स्मारके एकाची होतात. त्याग घराचा असतो.

पथकातील इतर डॉक्टर एकेक करून प्रकृतीच्या वा अन्य कारणाने मायदेशी परतले, डॉ. बसू हे १९४३ साली परतले. डॉ. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात, आघाडीच्या जवळ, काम करीत राहिले. तेथे डॉ. नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे शल्यचिकित्सक होते. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून विष भिनून ते नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले. त्यांच्या नावाने जे आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय चालले, त्याचे प्रमुखपद १९४१ साली डॉ. कोटणीसांकडे आले. रुग्णालय म्हणजे आपण समजतो तशी इमारत नव्हे. खेड्यातील घरे, कधी देऊळ, कधी उघडे माळरान. शत्रू जवळ आला की जखमींस उचलून दुसऱ्या गावी न्यावयाचे. १९४० मधील एका मोठ्या लढाईच्या काळात ते तीन दिवस जवळजवळ अखंड शस्त्रक्रिया करीत होते, असे सांगतात. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांस शिकविले. तेथेच कुओ छिंग-लान या परिचारिकेशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टात त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिन-हुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचेही झाले नव्हते, तोच ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने डॉ. कोटणीस वारले. वय अवघे ३२. शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मारकात त्यांची समाधी आहे.

ही कथा पुष्कळांस व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या बोलपटामुळे ठाऊक आहे. आम्ही ती पुन्हा सांगितली ती डोळ्यांत पाणी आणण्यासाठी नव्हे. या कथेत दूरच्यास मदत करण्याची एक रीत सापडते. आम्हांस ती चार कलमांत मांडता येते.

पहिले कलम : मदत मागितलेली होती. चिनी लोकांनी आपली गरज कळविली आणि जे हवे होते तेच गेले. आपल्या घरात नको असलेले कपडे गाठोड्यात बांधून दुसऱ्याकडे लोटणे, यास मदत म्हणत नाहीत.

दुसरे कलम : मदत करणारा तेथील माणसांच्या हाताखाली गेला. पथकाने तेथे जाऊन आपला निराळा झेंडा रोवला नाही. ज्यांचा लढा, त्यांचा निर्णय. आपण केवळ हात. डॉ. कोटणीस पुढे तेथील राजकीय पक्षातही दाखल झाले. ते मत आपणांस मान्य असो वा नसो, त्यांचे शस्त्र जखमीच्या देहावर चालले ते जखम बरी करण्यासाठी, इतके तर कोणीही मान्य करील.

तिसरे कलम : भाषा. ज्याचे दुःख वाटून घ्यावयाचे त्याची भाषा, निदान त्याची हकीकत, शिकण्याचे कष्ट घेतले पाहिजेत. वर्तमानपत्रातील एका चित्रावरून कळवळणे सोपे. त्या देशात काय चालले आहे, कोण कोणावर अन्याय करीत आहे, हे समजून घेणे कठीण. कठीण तेच आधी करावे.

चौथे कलम : चिकाटी. निधी जमला, सभा झाली, हार घातले, आणि पुढच्या वर्षी विसरलो, असे झाले नाही. माणूस चार वर्षे तेथे राहिला आणि तेथेच मेला. आपणांकडून एवढे घडणार नाही. परंतु वर्षानुवर्षे थोडे थोडे करणे तरी घडू शकेल.

आता कोणी म्हणेल, हे सारे आपण दुसऱ्यांस द्यावयाचे. दुसऱ्यांनी आपणांस काय दिले? तर तेही पाहू. १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगला. त्या दुष्काळात, मे १९०० मध्ये, न्यूयॉर्क बंदरातून 'क्विटो' नावाचे जहाज हिंदुस्थानकडे निघाले. त्यात मका भरलेला होता, आणि तो अमेरिकेतील सामान्य शेतकरी, नोकरदार, गृहिणी यांनी दिलेल्या लहानमोठ्या देणग्यांतून आलेला होता. ज्यांनी पैसे दिले त्यांस आपल्या मुलखाची नावे उच्चारताही येत नसतील.

दुसरे उदाहरण आपल्या गिरणगावास विशेष लागू आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेले असता लँकेशायरमधील डार्वेन या गावी गेले. आपल्या विदेशी कापडावरील बहिष्कारामुळे तेथील गिरण्यांचे काम घटले होते आणि कामगार बेकार झाले होते. त्या लोकांनी गांधीजींवर दगड उचलावयास हवे होते. परंतु त्यांनी त्यांचे स्वागत केले, त्यांच्याशी बोलणे केले. आणि हिंदुस्थानातील दारिद्र्याची हकीकत ऐकून त्यातील कित्येकांस बहिष्कारामागील कारण पटले. पोटावर पाय आलेला असताना दुसऱ्याच्या पोटाचा विचार करणे, ही साधी गोष्ट नव्हे. सोलापुरातील गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यावर कामगारांच्या घरांची काय दशा झाली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस डार्वेनच्या त्या कामगारांची थोरवी अधिक कळेल.

आणखी एक उदाहरण आमच्या पिढीच्या बालपणातील. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यात भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली. त्या देशात तेव्हा कातडीच्या रंगावरून माणसांची वाटणी होत असे. भारताने तो सामना खेळला नाही. चषक दक्षिण आफ्रिकेकडे गेला. त्यापूर्वी १९४६ साली भारताने त्या देशाशी व्यापारही तोडला होता. १९९० च्या फेब्रुवारीत नेल्सन मंडेला २७ वर्षांनी तुरुंगाबाहेर आले. त्यांची सुटका काही आपल्या एका चषकामुळे झाली नाही; ती त्यांच्या लोकांच्या लढ्यामुळे झाली. परंतु त्या लढ्यास जगभरातून जी असंख्य लहान ओझी लावली गेली, त्यांत आपलेही एक होते.

अशी लहान मंडळे कशी जन्मास येतात, हेही सांगतो. ३० एप्रिल १९७७ रोजी अर्जेंटिना देशाच्या राजधानीत १४ स्त्रिया राजवाड्यासमोरील चौकात जमल्या. लष्करी राजवटीने त्यांची मुले पळवून नेली होती. ती कोठे आहेत एवढेच त्या विचारीत होत्या. उभे राहून जमण्यास बंदी, म्हणून त्या चौकात फेऱ्या घालू लागल्या. डोक्यास पांढरा रुमाल बांधीत. त्यांच्यापैकी काहींस राजवटीने पकडून नाहीसे केले, तरी फेरी थांबली नाही. परदेशांतील मंडळांनी त्यांची हाक जगाच्या कानी घातली. त्या आयांजवळ पैसा नव्हता, पक्ष नव्हता, शस्त्र नव्हते. आपल्या येथील कोणत्याही वाड्यातील आजीबाईस त्यांचे दुःख दुभाष्यावाचून कळेल.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळतो. आमच्या त्या वयोवृद्ध सभासदांनी तो शेवटी विचारला होता. "ज्या चीनसाठी कोटणीस मेले, त्याच चीनने १९६२ साली आपल्यावर स्वारी केली. मग काय फळ मिळाले?" या प्रश्नापुढे आम्ही त्या दिवशी गप्प राहिलो. घरी येऊन रात्रभर विचार केला. आज उत्तर देतो.

डॉ. कोटणीसांनी मदत केली ती चीनच्या सरकारास उसने दिलेले धन नव्हते, की ज्याची व्याजासह परतफेड पुढे व्हावी. ज्याच्या पायात गोळी होती त्याची गोळी काढली, आणि तेथेच तो व्यवहार पुरा झाला. राज्ये बदलतात, त्यांचे स्नेह आणि वैर बदलते. १९६२ चे युद्ध झाले. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपल्या २० जवानांनी प्राण दिले. त्याचे दुःख आणि संताप आपणां सर्वांस आहे, आणि तो असलाच पाहिजे. परंतु म्हणून १९४० सालच्या त्या जखमी शेतकऱ्यावर उपचार करणे चुकले, असे ठरते काय? माणसास मदत करावी, राजवटीस नव्हे. हा भेद ज्यास कळला त्यास पुढे पश्चात्ताप करावा लागत नाही. तेथेही सामान्य लोकांनी कोटणीसांस विसरलेले नाही. त्यांची पत्नी २०१२ साली निवर्तली. तोवर ती पतीच्या मायदेशी अनेकदा येऊन गेली होती. पुत्र यिन-हुआ वैद्यकीचे शिक्षण घेत असता १९६७ साली ऐन तारुण्यात गेला. दोन देशांची नावे एका नावात वागविणारा तो मुलगा राहिला नाही. पण ते नाव ठेवणाऱ्यांची भावना खोटी ठरली नाही.

आता आपल्या संघाकडे येऊ. आपला संघ आपल्या माणसांसाठी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ज्या काळी आपल्या मुलांस शहरात राहावयास जागा मिळत नव्हती, त्या काळी वडीलधाऱ्यांनी दाराेदार फिरून वर्गणी जमविली आणि हा संघ उभा केला. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण ते जगले. परंतु सोलापूरकरांस तळ्याविषयी अधिक सांगावयास नको. श्री सिद्धरामेश्वरांनी आणि त्यांच्या सोबत श्रमणाऱ्यांनी जे तळे खोदले, त्याच्या काठी उभे राहून, पाणी पिणाऱ्यास तुझे कूळ कोणते, असे सिद्धरामांनी विचारले असते काय? तळे खणणारे हात मोजके असतात. पाणी सर्वांचे असते.

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे चार वीर फासावर गेले : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. चौघे चार समाजांतील. कोणाच्याही ज्ञातीने, हा एकटा आमचा हुतात्मा, असे म्हणू नये, अशी जणू नियतीनेच योजना केली. सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला त्या १९३० साली द्वारकानाथ १९ वर्षांचे होते. पुढे ते चीनला गेले, त्याचे बीज या गावच्या हवेत नव्हते, असे आम्हांस म्हणवत नाही.

आणि आता, आवाज जड होण्याचे जे कारण पुढे सांगू म्हटले, ते सांगतो. दूरच्या अन्यायाविषयी बोलणाऱ्याने प्रथम आपल्या उंबरठ्याकडे पाहावे. आपल्या किती घरांत कामाला येणाऱ्या बाईचा कप अजून निराळ्या फळीवर असतो? आपल्या मुलीने वा मुलाने ज्ञातीबाहेर विवाह केला म्हणून आपण किती जणांस या मेळाव्याचे निमंत्रण धाडले नाही? दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाचा निषेध करणाऱ्या जिभेने घरातील त्या निराळ्या कपाविषयी मौन धरावे, हे शोभत नाही. म्हणून आमच्या वयोवृद्ध सभासदांचे म्हणणे आम्ही अर्धे मान्य करतो. आधी घरचे पाहावे, हे खरे. पण घरचे पाहावयाचे ते केवळ गरिबीचे नव्हे, अन्यायाचेही. आणि आमचा अनुभव असा की, ज्याची नजर दूरच्या अन्यायावर गेली, त्यास घरचा अन्याय अधिक स्वच्छ दिसू लागतो. दोन्ही डोळे एकाच कपाळावर आहेत.

शिवाय आज आपली मुले कोठे आहेत? कोणी पुण्यास, कोणी आखाती देशांत, कोणी अमेरिकेत. तेथे ती परकी आहेत. उद्या कोणा मालकाने त्यांचे पारपत्र अडकवून ठेवले वा वेतन बुडविले, तर त्यांच्या पाठीशी कोण उभे राहणार? तेथलेच एखादे लहान मंडळ, ज्यात आपल्या ज्ञातीचा एकही माणूस नसेल. त्या मंडळाने, हा आमचा नव्हे, असे म्हटले तर आपणांस काय वाटेल? जे आपल्या मुलासाठी हवे, ते दुसऱ्याच्या मुलासाठी देण्यास आपण तयार असले पाहिजे.

एक कबुली देऊन मग सूचनांकडे वळतो. आम्ही शाळेत असताना दूरच्या एका देशातील आपद्ग्रस्तांसाठी वर्गात डबा फिरविला होता. मुलांनी खाऊचे पैसे टाकले. एका मुलाने दोन दिवस वडा खाल्ला नाही, हे आम्हांस नंतर कळले. पैसे आम्ही रीतसर पुढे पाठविले. परंतु ते कोठे पोहोचले, त्याचे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही आणि मुलांस कधी सांगितले नाही. पुढच्या वर्षी डबा फिरविला तेव्हा त्याच मुलाने विचारले, "गुरुजी, मागचे पैसे मिळाले का त्यांना?" आम्हांपाशी उत्तर नव्हते. त्या वर्षी डब्यात फार थोडे जमले, आणि त्यात मुलांचा दोष नव्हता. हिशेब न देणारा दानाचा झराच आटवून टाकतो, हा धडा आम्हांस एका विद्यार्थ्याने शिकविला.

यावरून आम्ही संघापुढे पुढील सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली. दरवर्षी ९ डिसेंबर रोजी, डॉ. कोटणीसांच्या स्मृतिदिनी, संघातील मुलांस भैय्या चौकातील स्मारकात न्यावे आणि त्या दिवशी जगातील एखाद्या अन्यायाविरुद्ध झगडणाऱ्या मंडळाची माहिती कोणीतरी अभ्यास करून सांगावी. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, जागतिक मानवी हक्क दिन असतो. १९४८ साली याच तारखेस संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते; तेथे 'सर्व मानव' असे शब्द घालावे म्हणून आग्रह धरणाऱ्या हंसाबाई मेहता भारताच्याच प्रतिनिधी होत्या. हे दोन दिवस एकमेकांस लागून यावेत, ही आपल्या गावास सोईची गोष्ट आहे.

दुसरी. घरटी वर्षाला ११ रुपये, शिष्यवृत्ती निधीस हात न लावता, निराळे काढावेत. सार्वजनिक न्यासाचा पैसा देशाबाहेर पाठविण्यास आयकराचे आणि परकीय चलनाचे कायदे आड येतात. म्हणून संघाने आपल्या सनदी लेखापालांचा सल्ला घेतल्यावाचून एक पैही बाहेर धाडू नये. तो मार्ग बंद असेल तर दुसरा आहे : परदेशांतून अन्याय सोसून आपल्या देशात आश्रयास आलेली माणसे आहेत, त्यांच्या मुलांच्या पुस्तकांस, औषधांस तो पैसा येथेच लागू शकेल.

तिसरी. पैशावाचूनही पुष्कळ करता येते. तुरुंगात डांबलेल्या निरपराध माणसाच्या सुटकेसाठी विनयपूर्वक पत्र लिहिणे, परदेशी असलेल्या आपल्या मुलांनी तेथील अशा मंडळांत जाऊन एखादी संध्याकाळ देणे, आपल्यातील डॉक्टर, परिचारिका, वकील यांनी आपले कसब देणे, हे सारे मदतच होय. द्वारकानाथांनी तरी काय दिले? जे कसब होते तेच दिले.

चौथी आणि शेवटची. जे काही करावे त्याचा हिशेब पुढच्या स्मरणिकेत छापावा; किती जमले, कोठे गेले, काय उपयोग झाला, काय चुकले. चुकले तेही छापावे. निदान त्या मुलाच्या प्रश्नास या वेळी तरी उत्तर असावे.

ज्ञातिबंधूंनो, आपला संघ लहान आहे. आपण जगाचा अन्याय दूर करू, असे म्हणणे बालिशपणाचे होईल. परंतु गावोगावच्या देणग्यांनी पाच डॉक्टर पाठविले आणि त्यातील एक या गावच्या मातीतला होता, ही गोष्ट खरी आहे. त्यांच्यासाठी ज्यांनी पैसे टाकले त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. त्यात आपल्यापैकी कोणाचा आजा असेल, कोणाची पणजी असेल. त्या निनावी माणसांच्या ओळीत आपणही उभे राहावे, इतकीच आमची विनंती आहे.

आमचे वयोवृद्ध सभासद आज पहिल्या रांगेत बसले आहेत. भाषण सुरू होण्यापूर्वी त्यांनी आम्हांस खुणेने जवळ बोलावून ११ रुपये हातावर ठेवले आणि म्हणाले, "पावती द्या." ती पावती संघाने द्यावी, अशी अध्यक्षमहाराजांस विनंती आहे.